जुळवलेले आकडे

सत्यदेव इंग्लंडहून डॉक्टरेट न घेताच परत आला, त्याला आता पाच वर्षं झाली. व्हाकोआपासून सें पिएरपर्यंत, आमच्या बेटावरच्या मराठी घरांत त्यावर काय काय बोलून झालं! पोरगा तिकडं बिघडला, थंडीनं त्याचं डोकं चालेना, एखादी गोरी मुलगी भेटली असेल. मी सगळं ऐकलं, मान खाली घातली आणि चालू लागलो. त्याची पदवी माझ्यामुळं गेली. हे मी आजवर एकाच माणसाला तोंडानं सांगितलं आहे, आणि ते सांगून जे झालं त्याचीच मला जास्त लाज वाटते.

सत्यदेव माझा मेहुणा, चंद्रिकेचा धाकटा भाऊ. शिष्यवृत्ती मिळवून तो उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात अणुभट्टीचं शास्त्र शिकायला गेला होता. तिथं खरी भट्टी नव्हती, भट्टीचा नमुना होता. ग्राफाइटच्या विटांचा माणसाच्या उंचीचा ढीग, त्यात युरेनियमच्या सळ्या, आणि खाली न्यूट्रॉन सोडणारी एक लहानशी वस्तू. हा ढीग आपला आपण पेट घेत नाही, म्हणून विद्यार्थ्यांच्या हाती द्यायला बरा. सत्यदेवानं त्यात धातूच्या पातळ पत्र्या ठेवायच्या, त्या काढून धावत मोजणीयंत्राकडे न्यायच्या आणि ढिगात कुठं किती न्यूट्रॉन आहेत ते ठरवायचं. तेच आकडे आधी गणितानं काढायचे. गणित आणि मोजणी जुळली की प्रबंध झाला.

पण ते गणित म्हणजे महिनोन्‌महिन्यांची हमाली. विद्यापीठात संगणक एकच, त्यावर विद्यार्थ्याचा नंबर लागता लागत नव्हता. तेव्हा सत्यदेवानं १९६०च्या सप्टेंबरात दोन जाड पाकिटं घरी धाडली. एक माझ्या नावानं, एक तुलसीराम मास्तरांच्या.

मी सरकारी मोजणी कचेरीत आहे. दुसऱ्या कारकुनानं काढलेलं जमिनीचं क्षेत्रफळ पुन्हा काढायचं आणि जुळलं तरच सही करायची, हे माझं काम. म्हणजे पडताळा हा माझा धंदाच आहे, हे लक्षात ठेवा. तुलसीराम मास्तरांनी मला गणित शिकवलं, सत्यदेवालाही शिकवलं. त्यांच्या हाताखालून निघालेली निम्मी पोरं आज सरकारी नोकरीत आहेत. मास्तरांचं वय तेव्हा सत्तरच्या पुढं, बायको गेलेली, कॅरोल नावाच्या वादळात उडालेल्या छपरावर नवा पत्रा घातलेला. घरी सून पुष्पा होती, ती त्यांचं सगळं करायची.

पाकिटात चौकोन आखलेला मोठा कागद होता, चोवीस घरं आडवी, चोवीस उभी. काही घरांसाठी सत्यदेवानं वेगळ्या यादीत आकडे दिले होते, बाकीची आम्ही भरायची. शेजारच्या चार घरांची सरासरी घ्यायची, त्यात त्या घराची ठरलेली भर किंवा घट करायची, की त्या घराचा आकडा निघतो. पण पुढचं घर बदललं की मागचं पुन्हा बदलतं. म्हणून आकडे हलायचे थांबेपर्यंत फिरत राहायचं. सोबत सूचना होती, खाली दोन रेघा मारून लिहिलेली: दोघांनी वेगळं बसायचं, काम संपेपर्यंत एकमेकांचा कागद बघायचा नाही.

आम्ही दहा आठवडे केलं. मी कचेरीतून आल्यावर आणि रविवारी, मास्तर दिवसभर. नोव्हेंबरात एका रविवारी दुपारी मी माझा कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. आम्ही दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले आणि मी घर घर वाचू लागलो. वरच्या अर्ध्या भागात आकडे अगदी जवळ होते, शेवटच्या दशांश स्थळाचा काय तो फरक. खाली उजवीकडे आलो आणि सगळंच फाटलं.

मला कारण शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. तिथल्या एका सळीच्या घरासाठी सत्यदेवानं दिलेला आकडा मास्तरांनी कागदावर उतरवताना इंग्रजी तीनचा आठ केला होता. त्या एका घरामुळं भोवतालचे शे-सव्वाशे आकडे वर चढले होते, आणि लांबचेही थोडे थोडे. मी मान वर केली. मास्तर कागदापासून चार बोटांवर नाक आणून बघत होते, तेही तिरकं.

"मास्तर, हे घर एकदा बघा," मी म्हणालो.

"काय बघू? मी तीन वेळा फिरलो हाय त्या घराभोवती."

"माझं येगळं येतंय."

"मग तुझं चुकलंय. तू लहानपणापासून धांदरट. जा, घरी जाऊन बघ."

पुष्पा दारात उभी होती. तिनं मला डोळ्यांनी खुणावलं, की नको. नंतर अंगणात हळूच म्हणाली, "आयो भावजी, डोळ्यांचं काय बोलू नका. डॉक्टरनं सांगितलं, आता काय होनार नाय. त्यांना वाटतं, आमाला कोनाला ठाऊक नाय."

मी घरी आलो. खरं सांगायचं तर मला दयाबिया काही आली नव्हती, मला राग आला होता. अडतीस वर्षांचा माणूस, सरकारी शिक्का मारणारा, आणि अजून धांदरट! ऐकायचंच नाही ना, मग घ्या तुमचेच आकडे, असं म्हणून मी कोरा कागद घेतला आणि मास्तरांचा कागद बघून सगळे आकडे उतरवले. शेवटच्या स्थळात इकडं तिकडं एखादा फरक मुद्दाम ठेवण्याइतकीही अक्कल मी वापरली नाही.

पुढच्या रविवारी कागद पुन्हा शेजारी ठेवले. मी वाचत गेलो, मास्तर मान डोलवत गेले. शेवटच्या घराला त्यांनी टेबलावर थाप मारली. "शाब्बास, जयराम! चारही स्थळं जुळली. याला म्हनतात काम!"

उभ्या आयुष्यात त्यांनी मला दिलेली ही पहिली शाबासकी. राग कुठल्या कुठं गेला. मला बरं वाटलं. चोरीच्या शाबासकीनं मी फुलून गेलो, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही कागद सही करून टपालात टाकले.

मार्चमध्ये सत्यदेवाचं पत्र आलं. चंद्रिकेनं चहाच्या वेळी मोठ्यानं वाचलं. त्याच्या पत्र्या गणिताशी जुळत नव्हत्या. एका कोपऱ्यात मोजणी कमी येत होती. त्याच्या प्राध्यापकांनी दोन्ही कागद बघितले आणि म्हणाले, दोन माणसांनी वेगवेगळं बसून काढलेलं उत्तर इतकं जुळतं, तर गणित बरोबरच आहे, तुझ्या मोजणीत घोटाळा आहे. म्हणून तो आता सगळा ढीग उतरवून पुन्हा रचणार होता. हातापायाला, नाकाला ग्राफाइटची काजळी, लिहिलं होतं त्यानं, आंघोळ केली तरी जात नाही.

"बिचारा," चंद्रिका म्हणाली. "अवो, तुमचं आन मास्तरांचं बरोबर हाय ना?"

"हाय की," मी म्हणालो.

त्याच दिवशी मी चार ओळी लिहिल्या असत्या तर काम भागलं असतं. मास्तरांचं नावही घ्यायची गरज नव्हती. माझा पहिला कागद कपाटात होता, तो नुसता पाकिटात घालायचा होता. पण मग सही केलेला कागद काय होता, हे सांगावं लागलं असतं. धंद्यानं पडताळणी करणाऱ्या माणसानं खोटी सही केली, हे मेहुण्याला आणि त्याच्या गोऱ्या प्राध्यापकाला कळलं असतं. आज लिहू, उद्या लिहू असं करत मी दीड वर्ष काढलं. सत्यदेवानं ढीग दोनदा उतरवला, मोजणीयंत्र बदललं, पत्र्या बदलल्या. शिष्यवृत्तीची मुदत संपली. विद्यापीठानं त्याला एक खालची पदवी देऊन वाटेला लावलं.

१९६२च्या ऑगस्टमध्ये तो आला. आल्यावर तिसऱ्या दिवशी मास्तरांच्या पाया पडायला निघाला आणि मला सोबत घेतलं. मास्तरांना तोवर माणूस आवाजावरून ओळखावा लागत होता. त्यांनी त्याला समोर बसवलं आणि धारेवर धरलं.

"दोन मानसं येगळी बसतात, एकच उत्तर काढतात, आन तुझी पत्री भलतंच सांगते! मग चूक कोनाची?"

"माझीच, मास्तर," सत्यदेव म्हणाला.

"हात सैल तुझा. मी तुला असं शिकवलं होतं?"

"नाय, मास्तर."

तिसाव्या वर्षाला टेकलेला तो माणूस शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून बसला होता. मी पुष्पानं दिलेला चहा पीत होतो. मला तो संपवता येत नव्हता आणि खालीही ठेवता येत नव्हता.

बस थांब्यावर मी त्याला म्हणालो, "मास्तरांचं मनावर घेऊ नको."

तो रस्त्याकडे बघू लागला. मग म्हणाला, "भावजी, शेवटच्या महिन्यात मला संगणकावर वीस मिनिटं मिळाली. माझ्या पत्र्या बरोबर होत्या. पन तोवर प्रबंध लिहायला दिवस उरले नव्हते."

मी बस येते का ते बघू लागलो.

"तीनचा आठ वाचला कोनी तरी. बों, मानलं, दोन मानसं तीनचा आठ वाचतील. पन पुढचे पाचशे आकडे चार स्थळांपर्यंत सारखे? तसं होत नाय."

"तू मास्तरांना का नाय सांगितलंस?"

"काय सांगू? त्यांचे डोळे गेले ते मला इंग्लंडला जायच्या आधीच ठाऊक होतं. त्यांना बरं वाटावं म्हनून एक कागद पाठवला. गनित तर मी तुमच्याकडंच मागितलं होतं."

बस आली. तो चढला आणि खिडकीशी बसला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

मी तसाच उलटा फिरलो. मास्तर अजून त्याच खुर्चीत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं: आठ, माझा पहिला कागद, उतरवलेला दुसरा, पत्र आलं तेव्हा गप्प बसलो तेही. ते मला एकदाही अडवायला गेले नाहीत.

"तुला कधी कळलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"त्याच दिवशी. इथं बसलो होतो तेव्हाच."

"आन मी तुला शाब्बास म्हटलं."

"हो."

मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर फार बरं झालं असतं. त्यांनी चपला शोधायला पाय पुढं केले आणि म्हणाले, "मला सें पिएरला ने, सत्यदेवाच्या घरी."

पुढच्या बसनं आम्ही गेलो. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते पायरी चाचपत उतरले. सासऱ्यांच्या अंगणात घरची सगळी माणसं होती, दोन शेजारीही होते. मास्तरांनी "सत्यदेव कुठं हाय?" म्हणून विचारलं, त्याचा आवाज आला तिकडं वळले आणि हात जोडले. त्या माणसानं पोरांपुढं कधी हात जोडले नव्हते. सत्यदेव धावत पुढं आला, पण मास्तरांनी त्याला थांबवलं.

"चूक माझी झाली," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मला दिसत नाय. मी तीनचा आठ वाचला. जयरामाचं बरोबर होतं. त्यानं मला सांगितलं. मीच त्याला म्हटलं, माझेच आकडे लिही. मास्तरचं ऐकायचं म्हनून त्यानं लिहिलं. पोराची पदवी मी घालवली."

मास्तरांचं खोटं मी तेवढंच ऐकलं आहे. तसं त्यांनी मला कधीच म्हटलं नव्हतं. आता माझी पाळी होती, एवढं मला कळत होतं. तोंड उघडायचं आणि "नाय" म्हणायचं. सत्यदेव मास्तरांच्या डोक्यावरून सरळ माझ्याकडे बघत होता, वाट बघत होता.

सासरे माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू तरी काय करनार, बाबा," ते म्हणाले. "मास्तरांनीच सांगितलं म्हटल्यावर."

मी होकाराची मान हलवली. सत्यदेव वळून घरात गेला.