कोळशाखालचा आकडा

मित्रांनो, आगगाडी आली की सगळे इंजिनाकडे बघतात. त्याच्या मागे कोळसा आणि पाणी घेऊन धावणाऱ्या डब्याला कोणी विचारत नाही. मी तसाच एक जुना डबा आहे. रेल्वेची माणसं मला टेंडर म्हणतात. खरं सांगायचं तर मी छोट्या, टेबलावर धावणाऱ्या गाडीचा, वीतभरसुद्धा नाही. पण ऐट म्हणाल तर खऱ्या टेंडरला भारी!

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पाठीवर काळ्या प्लास्टिकचा कोळसा होता आणि मागे एक जाडजूड, वाकडा आकडा. मागचा डबा त्यात अडकवायचा. बाबा रेल्वेतून निवृत्त झाले त्या दिवशी त्यांच्या मुलीने मला, इंजिनाला आणि चार डब्यांना घरी आणलं.

बाबांनी आयुष्यभर यार्डात डबे जोडले होते. दोन डब्यांच्या मधे शिरायचं, जड साखळी उचलून आकड्यात घालायची आणि स्क्रू पिळून आवळायचा. त्यांनी मला उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "गाडी छान आहे गं, पण हा आकडा खोटा आहे. असलं कपलिंग मी जन्मात पाहिलं नाही."

त्यांच्या मनात काही नव्हतं, बोलून गेले. पण मुलीचा चेहरा एवढासा झाला. "राहू द्या मग," म्हणत तिने आम्हाला कपाटावर ठेवलं. पुन्हा तो विषय दोघांनीही काढला नाही. दोघंही एकाच माळेचे मणी! सात वर्षं मी धूळ खात पडलो. बाबा अधूनमधून कपाटाकडे बघायचे आणि उगीच चष्मा पुसत बसायचे. अहो, मागा ना खाली, असं मला ओरडावंसं वाटायचं.

ही मुलगी दातांच्या कवळ्या बनवते. एका रविवारी तिने मला उतरवलं, मऊ ब्रशने पुसलं आणि बारीक करवतीने माझा आकडा कापला. खोटं कशाला बोलू, दुखलं. मग बाबांचा यार्डातला जुना फोटो समोर ठेवून तिने पितळी तारेच्या कड्या वळल्या, त्यांची साखळी केली, मधे इवलासा स्क्रू बसवला, मागच्या डब्याला खऱ्यासारखा आकडा लावला. मागे शिडी लावली. प्लास्टिकवर खऱ्या कोळशाचा चुरा चिकटवला. असे कितीतरी रविवार गेले. शेवटी तिने हाक मारली, "बाबा, बघा आता!"

बाबा भिंग घेऊन माझ्यावर वाकले आणि एकेक कडी निरखू लागले. तेवढ्यात तिने गाडी सुरू केली. सरळ रुळांवर मी झोकात निघालो. पण साखळी तिने फोटोतल्यासारखीच आवळली होती, आणि टेबलावरचं वळण परातीच्या काठाएवढं! डब्यांच्या टोकांवरच्या धक्का झेलणाऱ्या चकत्या, म्हणजे बफर, एकमेकांना भिडल्या आणि मी उडालो तो थेट फरशीवर. शिडी वाकली, कोळशाचा ढीग निखळला.

मुलगी मटकन खाली बसली. "माझं काहीच तुमच्या मनासारखं होत नाही, बाबा."

बाबांनी गुडघे धरत वाकून मला उचललं. "अगं, तुझं काय चुकलं? फोटो सरळ रुळावरचा आहे. वळणावर आम्ही स्क्रू ढिला सोडायचो. फार आवळलं तर डबेच एकमेकांना पाडतात." मग माझी वाकलेली शिडी बोटाने चाचपत म्हणाले, "तेव्हा मी आकड्याचं बोलायला नको होतं. नंतर गाडी मागायचा धीर झाला नाही."

"मला तरी कुठे विचारायचा झाला?" ती डोळे पुसत हसली.

तिने साखळीत एक कडी वाढवली. मागच्या डब्याच्या आकड्यात साखळी घालायचं काम मात्र बाबांनी हट्टाने स्वतःकडे घेतलं. कडी चिमट्यातून सारखी निसटत होती, म्हणून तिने खालून त्यांचा हात धरला. गाडी वळण घेऊन सुखरूप परत आली तेव्हा दोघं माझ्याकडेच बघत होती. इंजिनाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही!

संध्याकाळी मुलगी शिडी सरळ करायला पक्कड आणायला गेली, तेव्हा बाबांनी खणातून तो कापलेला आकडा शोधून काढला. "माझ्या लेकीने आणला होता," असं पुटपुटत त्यांनी तो माझ्या रिकाम्या पोटात ठेवला आणि वरून कोळशाचा ढीग घट्ट बसवला.

मित्रांनो, तुमच्या घरातही कपाटावर कोणी धूळ खात असेल तर त्याला खाली घ्या, पुसा, तेलाचा एक थेंब द्या. आणि ज्याने त्याला आणलं, त्याच्याशी दोन शब्द बोला. सात वर्षं थांबू नका.

वळणावर माझ्या पोटात अजून काहीतरी खुळखुळतं. मुलगी म्हणते, "बाबा, आत काही सुटलंय वाटतं. उघडून बघू?"

बाबा म्हणतात, "राहू दे गं."