खुडूक नसलेली कोंबडी

मित्रांनो, मी एक जुनी तांबडी कोंबडी आहे. 'जुनी' हा शब्द माझ्याबद्दल पहिल्यांदा वापरला तो भाऊजींनी, आणि तोही माझ्यासमोर.

शिंप्याच्या दुकानात इस्त्रीच्या टेबलाखाली कातरणांची एक पेटी आहे. इतर कोंबड्या गवतावर अंडी देतात, मी अस्तराच्या तुकड्यांवर देत असे. मोठेपणा सांगत नाही. पण सांगण्यासारखं दुसरं काही नाही.

तेव्हा माझं फार कौतुक होतं. शिंपीदादा गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेता घेता माझा विषय काढत. त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, माझं गरम अंडं गालाला लावून बघायची सवय होती. शिंपीदादांचे धाकटे भाऊ, म्हणजेच भाऊजी, थोडे दिवस म्हणून राहायला आले होते आणि राहिलेच होते. ते अंडं खात. घरात प्रत्येकाला काही ना काही काम होतं.

मग एकदा अंडं आलं ते कवचाशिवाय, ओल्या पिशवीसारखं. कुणीतरी पुसून टाकलं. त्यानंतर अंडी थांबली. पोट जड झालं, शेपटी खाली गेली, तुरा धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा फिका पडला. दाणे नकोसे झाले. उभं राहणं झेपेना, तेव्हा मी पेटीत जाऊन बसले.

"खुडूक बसलीय," भाऊजी म्हणाले.

मित्रांनो, अंडी उबवायच्या हट्टाने जी घरट्यातून हलत नाही, तिला खुडूक म्हणतात. तशी कोंबडी हात लावला की पिसं फुलवते, गुरगुरते, टोचते. मी यातलं काहीच करत नव्हते. पण भाऊजींचा अनुभव दांडगा होता. तो त्यांनी कुठे मिळवला हे घरात कुणी विचारलं नव्हतं. खूळ मोडावं म्हणून त्यांनी मला गार पाण्याच्या बादलीत पोटापर्यंत बुडवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पेटी उचलून माळ्यावर टाकली. मी फरशीवर बसू लागले, तेव्हा गुण येतोय असं त्यांनी जाहीर केलं.

वहिनींनी मला उचललं ते फरशी पुसायची होती म्हणून. हात पोटाखाली गेला आणि तिथेच थांबला.

"अहो, हिच्या पोटात पाणी डुचमळतंय."

शिंपीदादांनी कात्री खाली ठेवली. एरवी ती त्यांच्या हातातून काढून घ्यावी लागते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझं पोट चाचपलं, यंत्र लावून आत पाहिलं, सुईने पाणी काढलं. पिवळं, गढूळ. मला कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेता आला.

"ही खुडूक नाही," त्या म्हणाल्या. "बलक वाट सोडून पोटात पडतोय आणि तिथे सडतोय. हिला गार पाण्यात कुणी बुडवलं?"

भाऊजी भिंतीवरचं गाईचं चित्र बारकाईने बघू लागले.

डॉक्टरीणबाईंनी मग नीट समजावलं. पू आणि दुखणं यांवर औषध देता येईल. कातडीखाली औषधाची बारीक कांडी घातली की अंडी तयार होणंच थांबेल. तिचा असर ओसरला की नवी घालावी लागेल. पाणी पुन्हा भरू शकतं. पूर्ण बरी होईल, असं त्या म्हणाल्या नाहीत.

"म्हणजे अंडी बंदच?" भाऊजी चित्रावरून वळले. "मग हिला ठेवायची कशाला?"

टेबल थंड होतं. मला कापायचं तर सुरी घरी होती, आणि घर फार लांब नव्हतं.

"भाऊजी," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही कुठे अंडी देता?"

शिंपीदादांना खोकला आला. डॉक्टरीणबाईंनी कपाटातून कांडी काढली.

पेटी माळ्यावरून भाऊजींनीच उतरवली. औषधाचे थेंबही तेच पाजतात, कारण बाकी सगळे कामात असतात. सकाळी ते आधी माझ्या पोटाला हात लावतात, तुरा बघतात, शेपटी बघतात, आणि मग जाऊन कोरडी पोळी खातात. मधे एकदा पाणी भरलं, तर वहिनींच्या आधी त्यांनाच कळलं. त्याचाही आता त्यांना दांडगा अनुभव आहे.

मित्रांनो, पेटीत अंडं आहे का हे तुम्ही जरूर बघा. पण आधी कोंबडीकडे बघा. ती गप्प बसली असेल तर तिला हट्टी म्हणण्यापूर्वी पोटाखाली एकदा हात घाला. हात कोमट असला तर उत्तम.

आता मी जरा पेटीत बसते. खुडूक नाही. दमले आहे.