ढोल्या पोस्टमनच्या गावातली बस

"हे गाव ज्यानं वसवलंय त्याला एकदा हितं आणा. वळणावर खांब उभा करतंय व्हय कुणी? त्यो बी डाव्या अंगाला!"

धोंडिराम हे कुणाला म्हणून बोलला नव्हता. पलंगाच्या काठावर बसून, हातातल्या यंत्राची बटणं दाबत, टीव्हीकडे बघत, तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता. पण नागूबाईचं शिलाई मशीन त्याच्या पाठीशीच होतं, आणि सत्तावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं पुटपुटणं तिला भाषणापेक्षा स्वच्छ ऐकू यायला लागलं होतं. टॉवेलची कड दुमडता दुमडता तिनं मान वर केली. टीव्हीतल्या पिवळ्या बसनं दिव्याचा खांब आडवा केला होता. पाच-सहा सेकंद खांब रस्त्यात पडून राहिला, मग आपला आपण उठून जागेवर उभा राहिला.

"प्रिये, तुझ्या खेळात बिगाड हाय बग. आदी नसलेला खांब मधीच उगवतोय."

"हो बाबा. जुना सेट आहे ना," धम्मप्रिया म्हणाली. आईकडे तिनं बघितलं नाही. आईनंही पुन्हा पायडल हाणायला घेतलं.

दोन महिने हे असंच चाललं होतं. खांब पडायचा, सेटवर खापर फुटायचं आणि शिलाई मशीन जोरात चालायला लागायचं.

मार्चमधली गोष्ट. सकाळी शाळेची बस धुताना धोंडिरामच्या हातातली बादली सुटली आणि बादलीमागोमाग तोही खाली बसला. अर्धांगाचा झटका. अकरा दिवस दवाखाना. डावा हात परत आला, डावा पाय परत आला, बोलणं तर गेलंच नव्हतं. उलट नर्सबायांना तो शाळेतल्या पोरांचे किस्से सांगत होता. सगळे म्हणाले, नशीब चांगलं. डॉक्टरांनी मात्र मायलेकींना बाजूला घेतलं, कागदावर एक गोल काढला आणि त्याचा डावा अर्धा पेननं काळा केला. "डोळे ठणठणीत आहेत. मेंदूचा जो भाग डावीकडचं बघतो, तो गेलाय. त्यांना अंधार दिसणार नाही. तिथं काही आहे, हेच त्यांना कळणार नाही. गाडी चालवायची नाही, हे त्यांना नीट समजावून सांगा."

"परत येईल का?" प्रियानं विचारलं.

"तीन महिने बघू."

नागूबाईनं तेवढे तीन महिने पदराला बांधले आणि बाकीचं तिथंच सोडलं. जिन्यात ती पोरीला म्हणाली, "आत्ता नगं सांगू. आदी हात उचलू दे." हात उचलला. "आदी चालू दे." चालायलाही लागला. मग 'आदी'च्या पुढं घालायला तिच्याकडे काही उरलं नाही, तरी सांगणं तसंच राहिलं. गेल्या आठवड्यात पुन्हा तपासणी झाली. गोलाचा डावा अर्धा तेवढाच काळा होता. जे यायचं होतं ते आलंय, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा धोंडिराम बाहेर बाकावर बसून शेजारच्या माणसाला सोलापुरातल्या कुठल्या रस्त्यावर किती खड्डे आहेत ते सांगत होता.

घरी नागूबाई नवऱ्याला जेवायला वाढायची. तो ताटाची उजवी बाजू साफ करायचा आणि म्हणायचा, "आज भाकरी दिली न्हाईस?" मग पाणी द्यायच्या निमित्तानं ती वाकायची आणि ताट अर्धं फिरवून ठेवायची. "ही काय." दाढीचा डावा गाल तसाच राहायचा, तर ती म्हणायची, "ब्लेड बोथट झालंय." तीन महिन्यांत ती इतकं खोटं बोलली होती, की खोटं बोलायची भरती निघाली असती तर पहिला नंबर हिचाच लागला असता.

खेळ आला तो बोटांना व्यायाम म्हणून. प्रिया जुळे सोलापुरातल्या एका लॅबमध्ये काउंटरवर बसायची. तिथल्या ऋतुजाकडे हा व्हिडिओ गेमचा सेट धूळ खात पडला होता. खेळ कुठला, तर प्रिया शाळेत असताना रविवारी दुपारी टीव्हीवर लागायच्या त्या कार्टूनचा. त्यात एक ढोल्या पोस्टमन होता, त्याची पत्रं खाणारी शेळी होती, आणि प्रत्येक भागात तो आपली जीप गावातल्या त्याच एका कारंज्यात नेऊन घालायचा. तेव्हा बापलेक एका ताटात जेवत ते बघायचे. धोंडिरामच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी यायचं. "असला डायवर आमच्या मालकानं येक दिवस ठिवला नसता!"

आता ते अख्खं गाव त्याच्या हातात आलं होतं. कुठलीही गाडी घ्या, कुठंही जा. माणसाला धडक बसली तर माणूस हवेत गिरकी घेतं, पिपाणी वाजते, आणि ते कपडे झटकत, शिव्या देत चालायला लागतं. त्या गावात कुणी मरत नाही. दुसरी माणसं हा खेळ खेळतात ती याच मजेसाठी. धोंडिराम मात्र चालू करायच्या आधी ते बटणांचं यंत्र कपाळाला लावायचा, सव्वीस वर्षं स्टेअरिंगला हात लावून कपाळाला लावला तसं. लाल दिव्याला थांबायचा. मागच्या गाड्या हॉर्न मारून मारून त्याच्या डोक्यावरून उड्या टाकून जायच्या. पत्रं पोचवायची वेळ संपून जायची, पोस्टमन भोकाड पसरायचा, आणि धोंडिराम त्याची समजूत घालायचा, "घाई कुणाला हाय रं? पत्रंच हायती, पेशंट न्हवं."

चौथ्या दिवशी त्याला गावातल्या शाळेमागं उभी असलेली पिवळी बस सापडली. तेव्हापासून पोस्टमनला त्यानं वाऱ्यावर सोडलं. शाळेपासून निघायचं, पाच थांबे घ्यायचे, प्रत्येक थांब्यावर वीस आकडे मोजायचे, परत यायचं. बसमध्ये कुणी चढत नव्हतं. खेळात तशी सोयच नव्हती. "येतील," तो म्हणायचा. "आपल्यात बी कुणीतरी उशिरा येतंच की."

आज रविवार होता आणि उद्या शाळा उघडणार होती. गुरुबसप्पा चहाला येणार होता.

शाळेच्या सहा बसगाड्या गुरुबसप्पाच्या. धोंडिराम मैंदर्गीचा, गुरुबसप्पा त्याच बाजूचा. दोघांचं कानडीत जमायचं. नागूबाई नातेपुत्याची. इतक्या वर्षांत तिला कानडी कळायचं ते जेवणापुरतं आणि शिव्यांपुरतं. गुरुबसप्पा यायच्या आधीच तिनं खुर्ची ओढून पलंगाच्या उजव्या बाजूला ठेवली. का, म्हणून प्रियानं विचारलं नाही. धोंडिरामनं विचारलं.

"तितं वारं लागतं पंख्याचं," ती म्हणाली.

गुरुबसप्पा आला, बसला, घाम पुसला. "काय धोंडिराममामा! पैलवान झालाव की."

"मग! उद्या सा वाजता यार्डात हजर बगा."

"तुमी नसल्यावर लई हाल झाले हो," गुरुबसप्पा खरंच मनापासून म्हणाला. "ते नवीन डायवर गाडी उडवतंय नुस्तं. आईबापांचे फोनवर फोन. पोरं त्याला आयकत न्हाईत, म्हणतात धोंडूमामा कुटं हायेत. गाडी तुमचीच हाय. फकस्त डॉक्टरचं एक चिठ्ठी आणा."

नागूबाईनं घाईनं चहाचा कप त्याच्या हातात दिला.

"चिठ्ठी कशाला?" धोंडिराम पुढं सरकला. "चिठ्ठी काय गाडी चालवती? डोळ्यानं बगा. प्रिये, लाव."

"बाबा, सर दमून आलेत..."

"लाव म्हंतो न्हवं."

प्रियानं लावलं. धोंडिरामनं यंत्र कपाळाला टेकवलं आणि बस निघाली. खरं सांगायचं तर सुरुवात बघण्यासारखी झाली. चौकात थांबला. उजवीकडून येणाऱ्या कचरागाडीला वाट दिली. पहिला थांबा, वीस आकडे. गुरुबसप्पा कौतुकानं मान डोलवत होता. "अय्यो, मामा, खेळात बी शिस्त!" नागूबाईला वाटून गेलं, आज निभावतंय. एक एक थांबा गेला तसा तिचा श्वास मोकळा होत गेला, आणि त्याची तिला लाजही वाटली.

मग बस शाळेच्या कोपऱ्यावर आली. डावीकडून तीन पोरं पांढऱ्या पट्ट्यांवर उतरली. पाठीवर दप्तरं, एकीच्या हातात फुगा. बस थांबली नाही. वेगही वाढला नाही. धोंडिराम नेहमीसारखा सावकाश, पोरांच्या शाळेजवळ हाकावी तशी जपून गाडी हाकत होता. जपूनच ती तिघांच्या अंगावरून गेली. पोरं हवेत उडाली, पिपाणी तीनदा वाजली, फुगा वर वर गेला.

"कसला आवाज म्हनायचा?" धोंडिरामनं विचारलं.

"हॉर्न आहे बाबा," प्रिया म्हणाली. "मागच्या गाडीचा."

"सोसतच न्हाई लोकास्नी." त्यानं बस फाटकासमोर, रेघेत उभी केली आणि यंत्र मांडीवर ठेवलं. चेहऱ्यावर असं समाधान, की जणू चाळीस पोरं सुखरूप उतरवली होती. "बगितलं मालक? येक ओरखडा न्हाई."

गुरुबसप्पा कपातली साय बोटानं काठाला लावत होता. मग तो कानडीत काहीतरी बोलला, हळू, दोन-तीन वाक्यं. धोंडिराम हसला, कानडीतच उत्तर देऊन मराठीत आला. "मालक म्हंत्यात, अजून म्हैनाभर इसावा घे. यार्डातल्या खुर्चीवर बसून गाड्या मोज. मी काय म्हातारा झालो व्हय? मालक, सव्वीस वर्षांत माज्या गाडीखाली कोंबडी सुद्दा आली न्हाई. तुमीच सांगा, आली का?"

"न्हाई आली," गुरुबसप्पा म्हणाला.

"मग उद्या येऊ का नगं?"

गुरुबसप्पानं प्रियाकडे बघितलं, प्रियानं खाली बघितलं. सहा गाड्यांचा मालक, पण समोर हात जोडल्यासारख्या बसलेल्या धोंडिरामला 'नको' म्हणणं त्याच्या जिभेवर येईना. "या," तो म्हणाला. "या की. दोन दिवस बाजूला कुणीतरी बसवू." आणि हे बोलताना त्यानं नागूबाईकडे असं बघितलं, की बाई, मला जमलं नाही, आता तूच बघ.

धोंडिरामनं जोरात मांडीवर थाप मारली. "प्रिये, खाकी कपडे इस्त्रीला टाक. नागू, डबा साडेपाचला."

नागूबाईनं हातातला टॉवेल मशीनवर ठेवला.

"तीन पोरं हुती," ती म्हणाली.

"कुटं?"

"आत्ता. शाळंच्या कोपऱ्यावर. तिगांच्या बी अंगावरनं गाडी नेली तुमी."

"काय बोलतीस? रस्ता मोकळा हुता की." तो हसत होता. "मालक, तुमी बगत हुता. मोकळा हुता का न्हाई?"

गुरुबसप्पानं रिकामा कप उचलून पुन्हा बशीत ठेवला.

"प्रिये?"

प्रियानं टीव्ही बंद केला आणि बंद टीव्हीकडेच बघत राहिली. धोंडिरामचं हसू ओठावर तसंच राहिलं, पण आता ते कुणासाठी ठेवायचं हे त्याला कळेना. नागूबाई उठून त्याच्यासमोर आली, आणि परक्या माणसादेखत आयुष्यात पहिल्यांदा तिनं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मोकळा न्हवता, अवो," ती म्हणाली. "तुमाला डावीकडचं दिसत न्हाई. मार्चपास्नं दिसत न्हाई, आन् आता दिसणार बी न्हाई. गाडी चालवायची न्हाई तुमी. कदीच न्हाई."