गुळव्याचा हलवा

राहुरीच्या आसपास ज्या वर्षी गहिनीनाथ गुळव्या आजारी पडे, त्या वर्षी गुऱ्हाळे आठ दिवस उशिराने सुरू होत, इतकी त्याच्या हाताची ख्याती होती. काहिलीत उकळणाऱ्या रसाचा नुसता वास घेऊन तो म्हणे, “उतरवा,” आणि त्या क्षणी उतरवलेला गूळ सोन्याच्या रंगाचा होई. अशा पुरुषास मूठभर साखरेने पराभूत करावे, ही घटना १९७१ सालच्या संक्रांतीस घडली.

त्याची एकुलती कन्या पुष्पावती ही मागल्या वैशाखात पुणतांब्यास दिलेली होती. दिवाळीची ओवाळणी घेऊन गहिनीनाथ तिकडे गेला असता, विहीण मुक्ताबाई हिने ओसरीवरील चार बायकांच्या देखत विषय काढला.

“आमच्या थोरल्या सुनंच्या आईनं पहिल्या संक्रांतीला हलव्याचं दागिनं सोता हातानं केलं हुतं. हार, बांगड्या, बाजूबंद, समदं. आता धाकटीच्या माहेरचं बघायचं. असलं नाजूक काम तिकडं कुनाला येतं का न्हाई, कुनास ठावं!”

पुष्पावती पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिची मान जी खाली गेली, ती पित्याच्या काळजास लागली.

“इहीनबाई,” तो म्हणाला, “साखरंचं काम आन् गुळव्याच्या घरी अडंल व्हय? दागिनं घरीच हुतील. आन् हातानंच हुतील.”

मुलीची मान वर आली. परंतु ती वर राहणे किंवा न राहणे हे त्या दिवसापासून तिळाएवढ्या दाण्यांच्या हाती गेले.

घरी परतल्यावर त्याची पत्नी मनकर्णा हिने विचारले, “मला हलवा येतो, आसं तुमाला कुनी सांगितलं?”

“तू कशाला? म्या करनार हाय.”

“तुमी?”

“अगं, साखर म्हंजी काय? पांढरा गूळच की!”

या सिद्धांतावर त्याने पुढील सर्व उभारणी केली.

तथापि तो अगदीच अविचारी नव्हता. राहुरीतील एका शिक्षकाच्या पत्नीकडे जाऊन त्याने कृती विचारून घेतली. ती कृती अतिशय साधी होती. परातीत तीळ घ्यावेत, खाली मंद निखारा असावा, एकतारी पाक चमच्याने थोडा थोडा घालावा आणि बोटांनी दाणे हळुवार फिरवीत राहावे. चार-पाच दिवस रोज सकाळी असे केल्यास दाणा मोठा होऊन त्यास काटा येतो. गहिनीनाथाने हे सर्व आदराने ऐकले, आणि घरी येईपर्यंत त्यात जाणकाराच्या अधिकाराने दुरुस्त्या केल्या.

पहिली दुरुस्ती भेंडीची. उसाच्या रसातील मळी काढण्यासाठी त्यात रानभेंडीचा चिकट रस घालतात. साखरेच्या पाकालाही तो चांगलाच, असे मानून त्याने तो घातला. दुसरी दुरुस्ती अशी की, थेंब थेंब घालीत बसणे हे भित्र्या माणसाचे काम समजून त्याने पळीभर पाक एकदम ओतला. क्षणार्धात परातीतील सर्व तीळ एकजीव झाले आणि जो पदार्थ निर्माण झाला, तो वरवंट्याने फोडावा लागला.

दुसऱ्या खेपेस भेंडी वगळली, पण जाळ गुऱ्हाळाच्या सवयीचा राहिला. तीळ तडतडून अंगणापर्यंत उडाले.

“ह्यो हलवा हाय का फोडनी?” मनकर्णा चुलीजवळून म्हणाली. “नगरच्या बाजारात तयार मिळतंय. जावा, आना. पोरीची शोभा करू नगा.”

“ईकतच्या वस्तूला माया नसती, मनकर्णे.”

“आन् ह्या करपल्याल्या तिळाला लई हाय!”

तिसऱ्या खेपेस मात्र गहिनीनाथ नमला. त्याने शिक्षकपत्नीचा शब्द न् शब्द पाळला. गुऱ्हाळ सोडून जाता येत नसल्यामुळे त्याने शेगडी आणि परात तेथेच, काहिलीपासून चार हातांवर मांडली. पाच सकाळी तो त्या परातीवर ओणवा होता. तापल्या पितळेवर बोटे फिरवून फिरवून त्यांवर फोड उठले, फुटले आणि पुन्हा उठले. ज्या हाताने हजारो ढेपा घातल्या, तो हात घास उचलण्याच्याही कामाचा उरला नाही. दाणे पांढरे झाले, गोल झाले, मोठेही झाले, परंतु काटा येईना. कोरड्या हवेवाचून काटा येत नाही, आणि काहिलीच्या वाफेत तर अंगावरचा सदरादेखील ओला होतो, ही गोष्ट त्या थोर जाणकाराच्या लक्षात आली नाही. वर गुऱ्हाळावरच्या मधमाशा त्या परातीस आपली समजून बसल्या.

तरीही त्याने ते दाणे दोऱ्यात गुंफले. ओलसर दाणे एकमेकांस चिकटले आणि बांगडी म्हणून वळवलेले कडे वाळल्यावर वाकडेतिकडे होऊन बसले. मनकर्णेने ते उचलून उजेडात धरले.

“ही पुष्पीच्या हातात घालायची का बैलाच्या नाकात?”

संक्रांत दोन दिवसांवर आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने तो मुकाट्याने नगरला गेला आणि एका दुकानातून हार, बांगड्या, बाजूबंद असा संपूर्ण संच घेऊन रेल्वेने पुणतांब्यास निघाला. गाडीत त्याने मनाची अशी समजूत घातली की, कष्ट तर आपण केलेलेच आहेत, केवळ फळ दुसरीकडून आणले. ही समजूत वाटेतल्या बेलापूर स्टेशनापर्यंत टिकली.

संक्रांतीच्या दिवशी मुक्ताबाईने दागिन्यांची पेटी उघडली. त्याच चार बायका भोवती होत्या. चांदण्यांसारखे काटेरी दाणे पाहून एकीच्या तोंडून “अगं बया!” निघाले. काळी चंद्रकळा नेसलेल्या पुष्पावतीच्या गळ्यात हार पडला, हातांत बांगड्या गेल्या, आणि ती नक्षत्रासारखी शोभू लागली.

“इवाई, हे खरंच तुमी केलं?” मुक्ताबाईच्या स्वरात प्रथमच आदर होता.

गहिनीनाथास होकार द्यावयाचा होता. त्याने त्यासाठी तोंडही उघडले. परंतु आयुष्यभर खोट्या मापाचा गूळ न विकलेल्या त्या जिभेने ऐन वेळी दगा दिला.

“न्हाई, इहीनबाई. आमच्या हातानं जमलं न्हाई. बाजारातनं आनलंय.”

पुष्पावतीची मान हळूहळू खाली जाऊ लागली. मुक्ताबाईने व्याह्याकडे पाहिले, त्याच्या हातांकडे पाहिले, आणि ती मोठ्याने हसली.

“आन् ही बोटं? ही बी बाजारातनं भाजून आनली व्हय?”

बायकांत हशा पिकला.

“आईची आन, इहीनबाई, म्या...”

“ऱ्हाऊ द्या! मानूस मोठा आसला की आपली बढाई आपुन करीत न्हाई. थोरलीच्या आईनं वरीसभर टिमकी वाजवली. हे बगा कसं, करून सवरून न्हाई म्हनत्यात!”

त्याने आणखी दोन वेळा सत्य सांगितले. प्रत्येक वेळी त्याची थोरवी वाढली. अखेरीस मुक्ताबाईने पुष्पावतीच्या पाठीवर हात ठेवून चौघींस जाहीर केले, “बापाचा हात लेकीत उतरतुयाच. म्होरल्या साली माझ्या भाचीची पयली संक्रांत हाय. तिचं दागिनं आमची पुष्पी करनार. व्हय ना गं?”

“व्हय, आत्याबाई,” पुष्पावती म्हणाली. तिची मान आता ताठ होती, इतकी की ती खाली घेण्याची तिला सोयच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पित्यास निरोप देण्यास ती गल्लीच्या टोकापर्यंत आली.

“आबा, तुमी खरं सांगत हुता. मला कळलं.”

“दागिन्यावरनं वळाखलंस?”

“तुमच्या तोंडावरनं.” तिने पदर सावरला, मागे वळून घराकडे एकवार पाहिले आणि आवाज खाली आणला. “आता दुकान कुठं हाय ते सांगा.”

गहिनीनाथाने खुणेसकट सर्व सांगितले, आणि ते तिच्या नीट ध्यानात राहावे म्हणून पुन्हा एकदा सांगितले.