वाटून घेतलेला झगा

मित्रांनो, आज मी तुम्हाला चिंधी दिसत असेन, पण जन्माने मी रेशमी झगा. कॉन्स्टँटिनोपलच्या राजवाड्यातल्या हातमागावर मला विणलं. माझ्या छातीवरचे सोनेरी सिंह इतके हुबेहूब होते की विणकराची मांजर महिनाभर घरी फिरकली नाही. खोटं वाटत असेल तर मांजरीला विचारा!

सम्राटांचे दूत लेओंतिओस यांनी मला जहाजातून समुद्रापार सम्राटांच्याच खेरसोनच्या किल्ल्यात आणि तिथून गवताळ रानात, भटक्या पेचेनेग लोकांच्या तंबूंपर्यंत नेलं. सरदार बात्बायला मी भेट म्हणून मिळालो. बदल्यात त्याने सम्राटांच्या शत्रूंची वाट अडवायची होती, आणि शब्दाला जामीन म्हणून त्याचा मुलगा इल्बेक किल्ल्यात राहणार होता.

"पुढच्या उन्हाळ्यात मुलगा परत," दूत म्हणाले.

इल्बेकची आई सारिल पुढे आली. तिने नुसता त्याच्या घोड्याच्या मानेवरून हात फिरवला.

दूत इल्बेकला घेऊन गेले आणि बात्बायने सुरी मागवली. मोठी भेट एकट्याने मिरवणं म्हणजे त्या लोकांत भावकीचा अपमान.

"बाही मला हं, भावोजी!" त्याची भावजय ओरडली. "गेल्या खेपेला नुसती किनार टेकवलीत हातावर."

"अगं, तुझ्या दंडाला दोन झगे लागतील!"

मला फार दुखलं. पण मग मी कुणाच्या टोपीवर, कुणाच्या बाळाच्या कुंचीवर, कुणाच्या खोगिरावर मिरवू लागलो. राजवाड्यात एवढे लाड कुणी केले नव्हते. माझी गळपट्टी सारिलने बाजूला ठेवली. "ही माझ्या इल्बेकची."

बात्बायने शब्द पाळला. उन्हाळ्यात दूत इल्बेकला किल्ल्यातच ठेवून आले, आणि पहिल्याच खोगिरावर त्यांना सिंहाचं तोंड दिसलं.

"सम्राटांचं वस्त्र फाडलंत?" ते घोड्यावरूनच गरजले. "म्हणजे मैत्रीच फाडलीत!"

"फाडलं कुठे? वाटलं! आता आमचा प्रत्येक माणूस तुमचा मित्र आहे."

दूतांनी ऐकलं नाही. घोडा वळवून ते निघून गेले.

सारिलने तंबूतंबूंतून तुकडे मागून आणले. बोटं रक्ताळेपर्यंत शिवून तिने माझा पुन्हा झगा केला आणि मुलाला सोडवायला मला खेरसोनला नेलं. वेशीवरचा पहारेकरी खाली बघत म्हणाला, "बाई, जहाज परवाच गेलं. त्यातच नेलं तुमच्या मुलाला. सारखा विचारत होता, आई आली का?"

तिने तिथेच बसून मला उसवलं. घरी परतून ज्याचा तुकडा त्याला दिला; इल्बेकची गळपट्टी मात्र तिच्यापाशीच राहिली. इल्बेक कधीच परतला नाही.

मित्रांनो, वस्त्रं जपा, पण माणसं त्याहून जपा. तुम्ही दिलेली भेट कुणी फाडलेली दिसली, तर रागावण्याआधी त्याच्या घरी घोटभर दूध प्या आणि विचारा, असं का केलंत? दूतांना त्यासाठी फक्त घोड्यावरून उतरावं लागलं असतं.