राक्षसाचा उजवा अंगठा

दादासोंनी डाव्या हाताचं बोट लांब करून रिमोटच्या उजव्या टोकाचं बटण दाबलं. टीव्हीवरची चाळीस हिरवी पिशाच्चं कुंपण ओलांडून गव्हात शिरली. काही ओंब्या ओरबाडू लागली, एक बुजगावण्याचा सदरा घालून नाचू लागलं. गावचा ढेरपोट्या प्रधान झोपायची टोपी सावरत बाहेर आला आणि हात जोडून विनवू लागला.

"जोड, जोड हात," दादासो म्हणाले. "आजवर आमीच जोडलं."

त्यांची लेक उत्कर्षा शेजारी वही घेऊन बसली होती.

"आवं आबा, त्यानं काय केलंय तुमचं?"

"त्यानं न्हाई केलं. पर असल्याच पोटाच्या एकानं माजं कोकरू बांधून ठेवलं हुतं. चार मेंढरं हरभऱ्यात शिरली म्हणून. दिसभर उन्हात हुबा केला मला, पटका हातात घिऊन."

त्यांनी सगळा जथा प्रधानाच्या मागे सोडला. प्रधान पळता पळता शेणखताच्या खड्ड्यात गेला; टोपी तेवढी वर राहिली. दादासो खांदे हलवत हसले. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता.

श्रावणात माणात मेंढरांमागे असतानाच त्यांना झटका आला होता. पाय सावरला, हात राहिला. उत्कर्षाने त्यांना सांगलीला, आपल्या दोन खोल्यांत आणलं. ती हळद तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला होती; कितीही धुतली तरी तिची बोटं पिवळीच राहायची. व्यायाम घ्यायला येणाऱ्या क्षमा मॅडमनी अंगठा हलता ठेवायला सांगितलं होतं. रबरी चेंडू दाबायचा दादासोंना कंटाळा, म्हणून तिने एका मैत्रिणीकडून हा खेळ आणला. यात खेळणारा स्वतः राक्षस. पिशाच्चांचा कळप हाकत सज्जनांची गावं उधळायची, एवढंच काम.

उजव्या अंगठ्याने मिनिटाला किती बटणं दाबली, हे ती रोज वहीत लिहायची. भाद्रपदात आलेखाची रेघ चढत गेली. दसऱ्यानंतर एकाएकी खाली आली आणि तिथेच राहिली. दोन, तीन, कधी दोन. तिला ते कळत नव्हतं. चढलेली रेघ कारणाशिवाय अशी पडत नाही.

फोन वाजला. माणहून मानसिंगकाकांचा होता. दसऱ्यापासून त्यांचा हा चौथा फोन. दादासोंनी तो डाव्या हाताने कानाला लावला.

"मेंढरं कराडच्या अंगाला निघाली गड्या," काकांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "तू कवा येतोस?"

"हात कुटं आलाय अजून? बटन दाबंना, काठी काय धरंल?"

"मग असू दे. माजा पोरगा पप्पू हाय संगं. पर बरा झालास की ये. तुजी मेंढरं लय शोधत्यात तुला."

फोन ठेवल्यावर दादासो बराच वेळ थांबलेल्या चित्राकडे पाहत राहिले.

उत्कर्षा सहा वर्षांची होती तेव्हा आई गेली. मेंढरांमागे आठ आठ महिने हिंडणाऱ्या बापाने तिला आश्रमशाळेत ठेवलं. त्यानंतर एकवीस वर्षांत दोघं एका छपराखाली किती दिवस राहिले, हे तिने एकदा मोजलं होतं. एकशे बारा. आता या श्रावणापासून आणखी ब्याण्णव झाले होते.

"खेळताय ना?" तिने विचारलं.

पुढच्या गावाआधी नदी होती. पिशाच्चं रांगेने लाकडी साकवावरून जात होती. एक लंगडं, सगळ्यांच्या मागे. साकव मोडला तेव्हा एकोणचाळीस पलीकडे होती आणि ते एक पाण्यात.

"जाऊ दे त्याला," ती म्हणाली. "खेळच आहे. राक्षसाला काय, दुसरं मिळेल."

तिचं वाक्य संपायच्या आत दादासोंचा उजवा हात मांडीवरून उठला. अंगठा बटणांवर पडला, एकदा, दोनदा, मग इतक्या भराभर की तिला मोजता आलं नाही. पडद्यावर राक्षसाच्या हातून दोर सुटला, बुडणाऱ्याभोवती गुंडाळला गेला, आणि लंगडं पिशाच्च भिजल्या कानांनी काठावर येऊन शिंकलं.

"हैक, हैक," दादासो पुटपुटले. "चल फुडं."

मग त्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. सावकाश, कुणी झोपलेलं मूल उचलून ठेवावं तसा, त्यांनी उजवा हात पुन्हा मांडीवर ठेवला.

उत्कर्षा खाली बघून वहीची पानं चाळत होती. दसऱ्याच्या पानावर तिचं बोट थांबलं; काकांचा पहिला फोन त्याच दिवशीचा.

"चहा ठेवते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. क्षमा मॅडम सकाळी आल्या. चेंडू दादासोंच्या उजव्या तळव्यात दिला. तो घरंगळून पलंगाखाली गेला. पुन्हा दिला, पुन्हा गेला.

"असं कसं?" मॅडम म्हणाल्या. "एव्हाना हात यायला हवा होता. उत्कर्षा, तुझी वही बघू. कालचा आकडा काय?"

दादासो खिडकीबाहेरच्या रिक्षांकडे बघू लागले.

कालच्या तारखेसमोरची जागा कोरी होती. शाळेतल्या पहिल्या प्रयोगापासून उत्कर्षाने कधी न पाहिलेला आकडा लिहिला नव्हता. तिने खिशातलं पेन काढलं.

"लिहायचा राहिला," ती म्हणाली आणि लिहिलं: २.

"अजून महिनाभर तरी लागेल मग."

"होळीपर्यंत धरू या," उत्कर्षा म्हणाली. "घाई नको."

दादासोंची मान वळली. त्यांनी लेकीकडे पाहिलं, पण ती चेंडू काढायला पलंगाखाली वाकली होती.

संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा ते टीव्हीसमोर बसले होते. पडद्यावर नवं गाव, नवा प्रधान, मळ्यात भोपळे. त्यांचा डावा हात नेहमीसारखा रिमोटच्या उजव्या टोकाकडे ताणलेला होता. ती दारातच थोडा वेळ उभी राहिली. मग तिने दार ओढून घेतलं, कडी घातली आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली. वही तिने कपाटातच ठेवली होती.

"डावा हात दुखंल, आबा," ती म्हणाली. "कडी लावलीय मी."

पडद्यावर चाळीस पिशाच्चं कुंपणाशी खोळंबली होती. हळूहळू दादासोंचा उजवा अंगठा वर आला आणि बटणावर टेकला.

"बोल," ते म्हणाले, "कुटल्या वावरात घालू?"