पट्ट्याला पाणी लागलं

मित्रांनो, मी एक जुना कमरपट्टा आहे. शाळेच्या गणवेशावरचा नव्हे आणि लग्नातल्या शेरवानीवरचाही नव्हे. अमेरिकेच्या पश्चिमेला, आयडाहो राज्यात, डोंगरातल्या थंडगार नद्यांमध्ये उभं राहून लोक ट्राउट मासे पकडतात. त्यासाठी ते छातीपर्यंत येणारी, पाणी आत न शिरणारी विजार घालतात. तिला वेडर्स म्हणतात. तिच्यावर करकचून आवळायचा, तो मी. माणूस पाण्यात पडला तर वरच्या तोंडातून विजारीत पाणी शिरतं. मी घट्ट असलो तर ते बरंचसं कमरेशीच अडतं. मी नसलो तर दोन्ही पाय पाण्याने भरतात आणि मग माणसाला धड उठताही येत नाही.

माझा जन्म २००१ सालचा. एका लहानशा कारखान्यात एका बाईंनी जाड नायलॉनच्या पट्टीला बक्कल शिवलं, पट्टी गुडघ्याखाली दाबून दोनदा हिसडा दिला आणि मला पेटीत टाकलं. दुकानात माझ्या शेजारी मासे पकडायच्या चकचकीत काठ्या होत्या, गळावर पिसं आणि रेशीम गुंडाळून केलेल्या खोट्या माश्या होत्या. गिऱ्हाइकं त्यांच्याकडे बघायची. माझ्याकडे कोण बघणार?

मला घेतलं सुवर्णा मेश्राम यांनी. त्या नागपूरच्या, इंदोऱ्यातल्या. बॉइझी शहरात एका कंपनीत डेटाबेसचं काम करायच्या. आदल्या वर्षी त्यांच्या छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. काखेतल्या गाठी काढल्यामुळे डावा हात खांद्याच्या वर जाईना. फळीवरचा डबासुद्धा त्या नवऱ्याला काढायला सांगत. डॉक्टर म्हणाले, हात हलता ठेवा. तेव्हा शेजारच्या लॉइसबाई त्यांना नदीवर घेऊन गेल्या. लॉइसबाई सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांनी सुवर्णांच्या उजव्या हातात काठी दिली आणि डाव्या हातात दोरी. उजव्याने दोरी हवेत मागेपुढे झुलवायची, डाव्याने ओढायची आणि सोडायची. दोन उन्हाळ्यांत तो डावा हात फळीपर्यंत पोचला. मासा मिळाला की सुवर्णा ओल्या हाताने गळ काढायच्या आणि तो पाण्यात सोडून द्यायच्या. नागपूरहून आई फोनवर विचारायची, "सोडायचाच असतो, तर पकडतेस कशाला गं?" त्यावर त्या नुसत्या हसायच्या.

लॉइसबाईंचा एकच नियम होता. "पाणी पट्ट्याला लागलं की मागे फिरायचं. मासा कितीही मोठा असो." म्हणजे मी नुसता पट्टा नव्हतो, मी खूण होतो. याचा मला फार अभिमान वाटे. पण हिवाळा आला की मला विसरत. एका वर्षी तर मी गॅरेजमध्ये गुंडाळलेल्या गालिच्याला बांधलेला होतो. सहा महिने मी तसाच धूळ खात पडून होतो.

मग आला २००४ चा जून. त्या दिवशी सुवर्णांचे यजमान नरेंद्र पहिल्यांदा सोबत आले. त्यांना पोहता येत नव्हतं. लॉइसबाईंच्या दिवंगत नवऱ्याचे वेडर्स त्यांना घालायला मिळाले, पण त्यांचा पट्टा कधीच हरवलेला. सुवर्णा क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "चल, पाणी गुडघ्याएवढंच आहे." मित्रांनो, चूक एवढीच होती.

बिग वूड नदीच्या मधोमध गोट्यांचं एक लहान बेट होतं. सकाळी दहाला ते दोघं सहज चालत तिथे गेले. दिवसभर कडक ऊन पडलं होतं. नरेंद्र दगडावर बसून संत्री सोलत होते. दुपारी सुवर्णांना एक मोठा ट्राउट लागला, सुटला, आणि त्या हट्टाला पेटल्या. वर डोंगरांत, दिसत नव्हता तिथे, त्याच उन्हाने बर्फ वितळत होता.

पाचच्या सुमाराला सुवर्णांनी मागे पाहिलं. पाण्याचा रंग बदलला होता. सकाळी तळाचे गोटे मोजता येत होते, आता पाणी चहासारखं गढूळ होतं. त्यावरून फेस आणि काटक्या वाहत होत्या. ज्या खडकावर जेवणाचा डबा ठेवला होता, तो खडकच दिसेना.

"सुवर्णा, अगं बेट लहान झालंय का?" नरेंद्र उठून उभे राहिले.

सुवर्णांनी काठाशी एक काडी रोवली. घड्याळ पाहिलं. दहा मिनिटांत काडी बुडाली.

"नदी चढतेय. बर्फाचं पाणी आहे, संध्याकाळभर चढतच राहणार."

"मग इथंच थांबू ना! सकाळपर्यंत उतरेल."

"सकाळपर्यंत इथं उभं राहायला जागा उरणार नाही रे. फोन?"

"रेंज नाही."

सुवर्णांनी माझं बक्कल सोडलं. मला वाटलं, घाबरून सोडताहेत. पण त्यांनी मला नरेंद्रांच्या कमरेला घातलं.

"हे काय करतेस? तुझं काय?"

"तुला पोहता येतं?"

"नाही, पण..."

"मग गप्प बस." त्यांनी गुडघा टेकवून मला इतकं आवळलं, की माझी शिवण करकरली. मग त्यांनी स्वतःचे वेडर्स उतरवले, एका झुडपाला अडकवले आणि साध्या पँटवर पुन्हा बूट चढवले. "भरलेल्या वेडर्सपेक्षा हे बरं. पण पाणी बर्फाचं आहे, माझे पाय लवकर बधिर होतील. रेंगाळायचं नाही. तू जड आहेस, तू प्रवाहाकडे राहा. ही फांदी रोव आणि एक एक पाऊल टाक. मी तुला धरून चालते."

प्रवाह डावीकडून येत होता. म्हणजे मला धरायला सुवर्णांचा डावाच हात होता. त्यांची चार बोटं माझ्याखाली शिरली आणि अंगठा वरून घट्ट बसला.

पाणी गुडघ्याला लागलं, मग मांडीला. तळातले गोटे गडगडत होते, त्यांचा आवाज मला पाण्यातून ऐकू येत होता. "पाय सरकव, उचलू नको," सुवर्णा सांगत होत्या. अर्ध्यावर आलो आणि मला पाणी लागलं. इतक्या वर्षांत मला पाणी लागलं की माणूस मागे फिरायचा. त्या दिवशी मागे फिरायला काही उरलंच नव्हतं.

पुढच्याच पावलाला फांदी मोडली. नरेंद्रांचा तोल गेला. पाणी माझ्या वर आलं, त्यांच्या छातीवर आलं, विजारीत घुसलं. मी आवळून धरलं, माझ्या प्रत्येक धाग्याने धरलं. खालची हवा खालीच राहिली आणि त्यांचे पाय तरंगले. पण प्रवाह दोघांनाही घेऊन निघाला.

"उठू नको! पाठीवर हो, पाय पुढे कर!" सुवर्णा ओरडल्या. पुढे एक उन्मळून पडलेलं झाड पाण्यात आडवं होतं. त्याच्या फांद्यांतून पाणी गाळणीसारखं जात होतं. पाणी जाईल, माणूस जाणार नाही.

"सोड मला! तू जा!" नरेंद्र गुदमरत म्हणाले.

सुवर्णांनी सोडलं नाही. उजव्या हाताने पाणी मारत, डाव्या हाताने मला खेचत त्या काठाच्या दिशेने झगडत राहिल्या. झाडाचा शेंडा नरेंद्रांच्या खांद्याला खरवडून गेला. मग टाचांना गोटे लागले, पाठीला वाळू लागली, आणि आम्ही थांबलो.

 नरेंद्र पाणी ओकले. मग हळूच म्हणाले, "सुवर्णा, आता हात सोड."

"सुटत नाहीये."

बोटं गारठून माझ्याभोवती अडकली होती. नरेंद्रांनी ती एक एक करून उघडली, आणि करंगळी उघडताना ते लहान मुलासारखे रडू लागले.

तो हात पुढे दोन महिने सुजलेला होता. लॉइसबाईंनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "पट्टा नसलेल्या माणसाला तू नदीत नेलंस?" सुवर्णा म्हणाल्या, "नेलं. चुकलं माझं." त्यांनी सबब सांगितली नाही. त्या हिवाळ्यात नरेंद्र तलावावर लहान मुलांच्या रांगेत उभे राहून पोहायला शिकले.

त्यानंतर माझा मान वाढला. मला स्वच्छ पाण्याने धुवायचे, सावलीत वाळवायचे. पण २००८ च्या वसंतात माझ्या बक्कलाला बारीक चीर गेली. नवा पट्टा आला आणि मी खुंटीवर गेलो. एकदा पुण्याहून आलेला अतुल नावाचा पाहुणा नदीवर निघताना म्हणाला, "काकू, हा जुना चालेल की मला! वन डे तर जायचंय यार."

सुवर्णांनी मला खुंटीवरून काढलं. बक्कलाच्या चिरेवरून नख फिरवलं. मग कात्री घेतली आणि मला मधोमध कापलं.

"अहो काकू, हे काय केलंत?"

"ज्याचा भरवसा उरला नाही, ते दुसऱ्याच्या कमरेला बांधू नये. आणि कुणी चुकून बांधू पण नये." त्यांनी स्वतःचा नवा पट्टा त्याला दिला आणि त्या दिवशी स्वतः काठावर बसल्या.

मित्रांनो, कात्री लागली तेव्हा मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आता माझ्या दोन तुकड्यांना त्याचा अर्थ कळतो. वस्तू धुणं, पुसणं, जपणं ही काळजी आहेच. पण जिच्यावर कुणाचा जीव टांगलेला असतो, तिची चीर वेळेवर बघणं आणि तिला वेळेवर रजा देणं ही त्याहून मोठी काळजी. तुमच्या घरातही असं काही असेल. झोपाळ्याची कडी असेल, सायकलचा ब्रेक असेल, गॅसची नळी असेल. आज एकदा बोट फिरवून बघा. आणि चीर सापडली, तर आम्हाला वाईट वाटेल म्हणून थांबू नका.